कळपासाठी खिलार खोंड निवडताना

आमच्या आज्याला बाजारात कुणी कितीही देखणा खोंड दाखवला तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ह्याची आय कुठाय?" हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, हसायचे. आई बाजारात कशाला येईल? मग आजा पुढच्या दावणीकडे चालायला लागायचा. मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याला घ्यायचंच नाहीये. पुढे मी स्वतः एक खोंड आईला न बघता घेतला आणि तो प्रश्न मला पाच वर्षांनी कळला. ते पुढे सांगतो.

हा लेख खिलार गाई नव्याने सांभाळायला लागलेल्यांसाठी आहे. कुणी पुण्याहून गावाकडे परतलंय, कुणाच्या हातात वडिलांचा कळप आलाय, आणि आता स्वतःचा वळू ठेवायचा विचार चाललाय. बोलणं माणदेशातल्या खिलारबद्दल आहे. लाल कंधारी किंवा डांगी असेल तर रूपाचं वर्णन बदलेल, तपासायची रीत फारशी बदलणार नाही.

वळू खरंच हवा आहे का?

चार-पाच गाईंसाठी वळू ठेवू नका. तो बारा महिने खातो आणि काम वर्षातून मोजके दिवस करतो. खिलारच्या रेतमात्रा, म्हणजे कृत्रिम रेतनासाठीचं साठवलेलं वीर्य, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून ठेवल्या तर मिळतात. शिवाय एक गोष्ट नवखे विसरतात. मार्च 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे नको झालेला वळू बडवून बैल म्हणून वापरायचा, नाहीतर जन्मभर पोसायचा. "बघू, नाही जमलं तर विकू" हा हिशोब इथे चालत नाही.

दहाच्या वर गाई असतील आणि त्या रानात चरायला जात असतील तर मात्र वळूला पर्याय नाही असं माझं मत आहे. आपल्या देशी गाईचा माज, म्हणजे फळायची वेळ, छोटा असतो. बरेचदा दहा-बारा तासांत आटोपतो, पुष्कळदा रात्रीच येऊन जातो, आणि संकरित गाईसारखा हंबरडाही नसतो. सकाळी आपल्या ध्यानात येईपर्यंत आणि दुपारी रेतन करणारा येईपर्यंत वेळ गेलेली असते. वळूला मात्र ते बरोबर कळतं.

दोन-तीन घरांनी मिळून एक वळू ठेवणं खर्चाला बरं पडतं. पण मग एका गोठ्यातला रोग तिन्ही गोठ्यांत जातो. तसं करायचं असेल तर सगळ्यांच्या गाईंचं रक्त आधी तपासून घ्या.

आधी आपल्या गाई बघा

खोंड शोधायला निघण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक गाईला एक पान. कितवं वेत, वासरू पिऊन वर किती दूध निघतं, दोन वेतांत किती महिन्यांचं अंतर पडतं, सड कसे आहेत, खूर वाढतात का, धार काढताना लाथ मारते का. पंधरा गाईंची पंधरा पानं झाली की कळपाचा दुबळेपणा दिसायला लागतो. कुणाच्या गाई अंगानं उत्तम पण दुधाला आटलेल्या, कुणाच्या दुधाला बऱ्या पण मागचे पाय वाकडे.

त्यातल्या दोनच गोष्टी सुधारायच्या ठरवा. पाच ठरवल्या तर एकही साधत नाही. दूध, चाल, उंची, रंग, शिंगं, गरीब स्वभाव असं सगळं एका खोंडात शोधणारा माणूस शेवटी रंगावर भाळून घेऊन येतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

इथे शर्यतीबद्दल बोलावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये राज्यात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून पळणाऱ्या घराण्यांच्या खोंडांचे भाव आभाळाला भिडलेत. खिलारला मोल आलं हे चांगलंच झालं. पण तुम्हाला दुधासाठी गाई वाढवायच्या असतील तर पळाचा पैसा तुम्ही का मोजायचा? पळणाऱ्याची बहीण दुभती असेलच असं काही नाही. शर्यतीचे खोंड तयार करायचे असतील तर गोष्ट वेगळी, त्यांनी वेग बघावा.

आटपाडी महाल, म्हसवड असे खिलारचे प्रकार आणि कोसा, काजळी, हरण्या अशी रंगांवरून पडलेली नावं तुमच्या कानावर पडतील. एका गावातला कोसा दुसऱ्या गावात कोसा राहत नाही. या नावांच्या वादात सुरुवातीला पडू नका.

जत्रेत बघा, घरून घ्या

खरसुंडीच्या सिद्धनाथाची जत्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, कार्तिकीला पंढरपूर, आणि सांगोल्याचा आठवडी बाजार. या ठिकाणी जरूर जा. शेकडो खिलार एका जागी बघितल्याशिवाय डोळा तयार होत नाही. दोन वर्षं नुसतं बघत फिरलात तरी वाया जाणार नाही.

पण घ्यायचा मात्र गोठ्यावरून. बाजारातलं जनावर नटवलेलं असतं. शिंगं तासून तेल लावून चकचकीत केलेली असतात. पुढचे पाय बरोबर उंचवट्यावर येतील असा बांधलेला असतो, म्हणजे उभारी जास्त दिसते. महिना-दोन महिने दूध, अंडी, उडदाचं पीठ चारून अंगावर तूप चोपडल्यासारखी चकाकी आणलेली असते. या चकाकीतलं काहीही पुढच्या वासरांत उतरत नाही.

आता माझी गोष्ट. एका जत्रेत एक दुसा, म्हणजे दोन पक्के दात आलेला, खोंड पाहिला. पांढराशुभ्र, शिंगं धनुष्यासारखी, गर्दीतनं चालला तर माणसं बाजूला होत होती. हेडी म्हणाला, आई आठ लिटरची आहे. खिलार गाय आठ लिटर देते म्हटल्यावरच मी उठून जायला हवं होतं. पण डोळे खोंडावर होते. घेतला. गाई फळल्या, साडेनऊ महिन्यांनी वासरं झाली, गोंडस, बघायला लोक यायचे. सहा कालवडी झाल्या. खिलार कालवड पहिल्यांदा विते ती चार वर्षांच्या आसपास. त्या सहाजणी व्यायला लागल्या तेव्हा कळलं की दूध वासरालाच पुरत नाही. सड एवढे आखूड की धार काढायला दोन बोटंसुद्धा बसत नव्हती. खोंड घेतल्यापासून हे कळेपर्यंत पाच वर्षं गेली होती, आणि तोवर त्याच्याच आणखी कालवडी गोठ्यात उभ्या होत्या.

वळूचा दुधाचा दोष त्याच्या स्वतःच्या अंगावर दिसत नाही आणि लेकींत दिसेपर्यंत पाच वर्षं जातात. आज, आत्ता, डोळ्यांनी बघता येते ती त्याची आई. खाण तशी माती.

आई कशी बघायची

धारेच्या वेळेला जा. सकाळी किंवा संध्याकाळी, पण धार डोळ्यांसमोर निघाली पाहिजे. वासरू सोडून पान्हा कसा घालते, वासरू बाजूला केल्यावर किती वेळ दूध सोडते, मालकाखेरीज घरातल्या दुसऱ्या कुणाला धार काढू देते का, हे सगळं बघा. वासराला पोटभर ठेवून वर दिवसाला दोन-तीन लिटर निघालं तर खिलारमध्ये ती चांगली गाय. वासराच्या बरगड्या मोजता येत असतील आणि बादली भरलेली असेल तर ते दूध गाईचं नाही, वासराच्या तोंडचं आहे.

आई तिसऱ्या वेताची किंवा त्यापुढची असली तर उत्तम. पहिलारू गाय कितीही छान दिसली तरी तिचं पुस्तक अजून लिहून व्हायचंय. मालकाला एकच साधा हिशोब विचारा, वय किती आणि वासरं किती? दहा वर्षांची गाय आणि पाच वासरं म्हणजे नियमित विणारी. दहा वर्षांत तीनच असतील तर मधल्या वर्षांत काय झालं ते खोदून विचारा. गाभडली होती, म्हणजे गर्भ पडला होता, असं उत्तर आलं तर तिथे जास्त वेळ बसू नका.

कास पोटाला चिकटलेली, चारही सड सारखे, मुठीत येतील असे. आखूड सड धार काढणाऱ्याला रडवतात, बाटलीसारखे जाड सड नव्या वासराच्या तोंडात बसत नाहीत. मग गोठ्यात नजर फिरवा. त्याच गाईच्या आधीच्या कालवडी असतील तर त्या खोंडाच्या बहिणी. आईपेक्षाही त्यांच्याकडून जास्त कळतं, कारण एकट्या आईचं दूध चांगल्या चाऱ्यामुळेही वाढलेलं असू शकतं. बाप कोण हेही विचारा. बाप त्याच गोठ्यातला, आणि आईचाही बाप तोच, असं निघालं तर नमस्कार करून निघा. असं जवळचं रक्त खिलार पाळणाऱ्या घरांत सर्रास सापडतं, आणि मालक ते अभिमानाने सांगतात.

येताना शेजारच्या घरी पाणी मागून प्या. तिथे बरंच कळतं.

दातावरून वय

अदात म्हणजे सगळे दुधाचे दात. देशी जनावरात दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान पहिली पक्की जोडी येते, त्याला दुसा म्हणतात. चार दात झाले की चौसा, साधारण तीन-साडेतीन वर्षांचा. पुढे सहा, आणि साडेचार-पाचच्या सुमाराला तोंड जुळतं, म्हणजे आठही दात पक्के होतात. नवख्याने दुसा घ्यावा. अदात स्वस्त पडतो, पण तो पुढे कसा भरेल हे ओळखायला अनुभवी डोळा लागतो. जुळलेल्या वळूला आधीच्या गोठ्यातल्या सवयी लागलेल्या असतात, कधी रोगही. एक अपवाद: ज्याच्या लेकी दूध देताना बघायला मिळतात असा जुना, शांत, तपासलेला वळू कुणी बदलीत देत असेल तर दुशापेक्षा तो घ्या.

आता खोंड

सर्वांत आधी चालवून बघा, उभा असताना नव्हे. आमच्याकडे माण नदीच्या कोरड्या पात्रातली वाळू त्यासाठी फार कामाची. खोंडाला कासऱ्याने धरून पन्नास पावलं नेला की ठसे वाचायचे. मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडला पाहिजे. मागचा पाय सतत आखूड पडतो, किंवा खूर बाहेर फेकून ठसा फरफटतो, असं असेल तर सांध्यात खोट आहे. वळूचा सगळा भार चढताना मागच्या पायांवर येतो. मागचा ढोपराचा सांधा फार वाकलेला, कोयत्यासारखा, किंवा उलट खांबासारखा सरळ, दोन्ही वाईट. खूर काळे, घट्ट, फट मिटलेली. खडकाळ रानात पांढरे ठिसूळ खूर टिकत नाहीत.

मग मागे उभे राहा आणि आंड बघा. नवखी माणसं इथे लाजतात. वळू कशासाठी घेताय, हे आठवा. मालकाला खोंड नीट धरायला सांगा, बाजूने उभे राहून हात लावा. दोन्ही खाली उतरलेले, आकाराने सारखे हवेत. एकच उतरला असेल तर तो खोंड मोफतही नको, कारण हा दोष पुढच्या पिढीत जातो. हाताला पिकायला आलेल्या पेरूसारखे लागले पाहिजेत, घट्ट पण दगड नव्हेत. पिचपिचीत लागले, गाठ लागली, किंवा दाबल्यावर खोंड दुखून उडाला, तर थांबा. शिंप्याच्या टेपने सर्वांत रुंद जागी घेर मोजा आणि त्याच वयाच्या दुसऱ्या दोन-चार खोंडांशी ताडून बघा. थंडीत आंड वर आखडतात, म्हणून ऊन तापल्यावर मोजा. घेर मोठा असेल तर वीर्य जास्त, हे उघडच आहे. पण अशा वळूच्या लेकीही लवकर माजावर येतात, आणि चार-चार वर्षं वाट बघायला लावणाऱ्या खिलारमध्ये या गुणाला फार मोल आहे.

मुताण, म्हणजे बेंबीमागची लिंगाची कातडी पिशवी, पोटाला चिकटलेली हवी. लोंबती असेल तर बाभळीच्या काट्याकुट्यांत फाटते, सुजते, आणि वळू कायमचा कामातून जातो.

बाकीचं पटकन बघून होतं. कपाळ लांबट, मधून हलकी खाच. शिंगं मुळाशी जवळजवळ, मागे जाऊन वर वळलेली आणि टोकाला बारीक. वशिंड घट्ट, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) बेताची, पाठ सरळ, शेपटीचा गोंडा काळा. नराच्या खांद्यावर आणि मांडीवर काळसर छटा असते, ती डाग समजून नाकारू नका. जन्मतः वासराचं डोकं तांबूस-गाजरी असतं आणि दोन-एक महिन्यांत तो रंग जातो. तेव्हा "याला तांबडं होतं" म्हणून कुणी नाक मुरडलं तर ऐकून सोडून द्या.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचंही तसंच. कुठला भोवरा घराला बरा आणि कुठला धन्याला वाईट, यावर पारावर रात्र निघते. माझा अनुभव असा की खोडीच्या भोवऱ्यामुळे उत्तम आईचा खोंड कमी भावात मिळतो. माझ्या गोठ्यात आज जो वळू आहे तो असाच आला.

स्वभाव मात्र हलक्यात घेऊ नका. अनोळखी माणूस जवळ गेल्यावर बिचकतो तो चालेल, खिलार तापट असतोच. पण मान खाली घालून, अंग आडवं करून, डोळा वटारून बघत राहतो तो मारका होणार. घरात लेकरंबाळं असतील तर असा वळू आणू नका.

रक्त आणि कागद

पसंत पडला म्हणजे घेतला असं नाही. पशुवैद्यकाकडून रक्त काढून सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या. असा वळू लक्षणं न दाखवता गाई गाभडवू शकतो, आणि हा रोग माणसालाही होतो, विशेषतः गाभडलेलं वासरू आणि वार (जार) उघड्या हाताने उचलणाऱ्याला. याची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात देतात. नराला देत नाहीत, त्यामुळे "लस टोचलीय" असं खोंडाच्या मालकाने सांगितलं तर त्याला रोगच माहीत नाही असं समजा. क्षयाची आणि जोन्स या आतड्याच्या जुनाट रोगाची तपासणीही सांगा. कामाला लागलेला वळू असेल तर गाईकडून गाईकडे जाणाऱ्या जननेंद्रियाच्या रोगांबद्दलही डॉक्टरांशी बोला.

लम्पी 2022 मध्ये सगळ्यांनी भोगली. खोंडाला ती होऊन गेली का, कधी, आणि गाठी आंडावर होत्या का, हे विचारा. बरा झाल्यावरही काही आठवडे विषाणू वीर्यात सापडू शकतो.

कानात बारा आकडी बिल्ला असला पाहिजे. आकडा स्वतः उतरून घ्या आणि दवाखान्यात तो कुणाच्या नावावर आहे, लाळ-खुरकूत आणि लम्पीची लस झाली का, ते बघायला सांगा.

व्यवहार रुमालाखाली बोटं दाबून होवो की उघड, विसार देताना एवढं स्पष्ट बोला: रक्ताचा अहवाल चांगला आला तरच पुढचे पैसे. ज्याचा माल खरा असतो तो ऐकतो. चिडला तर विसार खिशातच राहू द्या.

घरी आणल्यावर

पहिला महिना वेगळा बांधा. पाण्याचं भांडं वेगळं, गव्हाण वेगळी. गोचीड आणि जंतांचं औषध याच काळात. गाडीचा प्रवास, जागाबदल, ताप यांनी वीर्य बिघडतं आणि नवं तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणून ज्या हंगामात गाई फळवायच्या त्याच्या दोन-तीन महिने आधी खोंड घरात आलेला बरा.

खायला कडबा, कडवळ किंवा मका, थोडी शेंगदाणा पेंड आणि क्षार मिश्रण. इथे एक सावधगिरी. आपल्याकडे जनावराचं लाड करायचं म्हटलं की सरकी. सरकीतलं गॉसिपॉल हे द्रव्य जास्त प्रमाणात पोटात गेलं तर नराच्या वीर्याला बाधतं. गाईला घाला, वळूला हात आखडता ठेवा. त्याला फार लठ्ठही करू नका. आंडाच्या वर चरबी साठली की त्यांना थंडावा मिळत नाही.

वेसण आधीच टोचलेली नसेल तर लगेच टोचून घ्या. रोज कासऱ्याने फिरवा, अंगावरून हात फिरवा, पण पाठ दाखवू नका. स्वतः वाढवलेल्या वळूनेच धन्याला मारल्याचं आमच्या पंचक्रोशीत घडलेलं आहे.

पहिल्या हंगामात दुशाला आठवड्याला दोनपेक्षा जास्त गाई दाखवू नका, सगळ्या मिळून पंधरा-वीस. पूर्ण वाढलेला वळू वर्षाला पन्नासेक गाई ओढतो. पहिल्या दोन-तीन वेळा समोर उभे राहून बघा, तो चढतो का आणि काम खरंच पुरं करतो का. नुसतं चढून उतरणारे असतात, आणि आपण वहीत "फळली" लिहून मोकळे होतो.

तारीख लिहा. एकविसाव्या दिवसाच्या आसपास कोण पुन्हा माजावर आली ते लिहा. एखाद-दुसरी उलटली तर काळजी नाही. पहिल्या सहांतल्या चार उलटल्या तर थांबा आणि वीर्य तपासून घ्या, गाईंना दोष देऊ नका. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर आजच एक तारीख लिहून ठेवा, तीन वर्षांनंतरची. तोपर्यंत त्याच्या पहिल्या कालवडी माजावर यायच्या बेतात असतील, आणि बापलेकीचा संबंध झाला तर कळपाचं वाटोळं होतं. तेव्हा तो दुसऱ्या गोठ्याला द्यायचा आणि तिथला आपण आणायचा, अशी बोलणी वर्षभर आधी सुरू करा. देण्यापूर्वी त्याचं रक्त पुन्हा तपासा, येणाऱ्याचंही. आणि येणाऱ्याची आई बघायला स्वतः जा, धारेच्या वेळेला.